सराव मोहिमेवर दुर्बीणही न्या

संपादक महोदय,

इस्रोने नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला सराव अंतराळ मोहीम, म्हणजे चंद्र-मंगळावरच्या मुक्कामाची पृथ्वीवरच रंगीत तालीम, घेतली. तीत आयआयटी मुंबईही होती. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्याच त्सो कार खोऱ्यात ‘होप’ या सराव-तळावर दोघे जण राहून आले. बातम्यांत चर्चा झाली ती माणसांच्या शरीर-मनाची. पुढच्या खेपेला संगणकचलित दुर्बीणही न्यावी आणि अंतराळपोशाखाचे हातमोजे घालूनच ती जुळवावी, ही सूचना.

हातमोजे घातले की बारीक आटे तिरके बसतात, कॅमेरा कलतो आणि चित्राच्या एका बाजूचे तारे लांबट दिसतात. तिथे मोठ्या दांडीची पकडच हवी.

थंडीचा घोटाळा याहून मोठा. ॲल्युमिनियमची १ मीटर नळी पारा २० अंशांनी उतरला की सुमारे ०.४६ मिमी आखडते, आणि एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) दुर्बिणीत फोकस ०.०३ मिमी हलला तरी तारे फुगू लागतात. मंगळापर्यंत संदेश जायलाच ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे पृथ्वीवरून कुणी फोकस सुधारत बसणार नाही. फोकसर (फोकस पुढे-मागे करणारा भाग) तापमान-सेन्सरला जोडावा आणि सरावात संपर्कही तेवढाच उशिरा द्यावा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचून तिची क्षमता कायमची घटते. चार्जिंग तळाच्या आत, उबेतच करावे.

ध्रुवताऱ्याचा आधारही घेऊ नये. मंगळाचा उत्तर ध्रुव हंस तारकासमूहाच्या बाजूला रोखलेला आहे, तिथे ठळक ध्रुवतारा नाही. ताऱ्यांचे फोटो नकाशाशी ताडूनच माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) जुळवावे. मग त्याला मंगळाची गती द्यावी: सेकंदाला पृथ्वीच्या १५.०४ ऐवजी १४.६२ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). या फरकामुळे लडाखमध्ये वैषुविक वृत्ताजवळचा (आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा) तारा चित्रात मिनिटाला साधारण २५ आर्कसेकंद सरकायला हवा. आकडा जुळला नाही तर दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे की गिअरमध्ये, हे लडाखमध्येच शोधता येईल. (गोठून घट्ट झालेले ग्रीस हा पहिला संशयित.)

एक गोष्ट मात्र लडाखमध्ये तपासता येत नाही. साडेचार हजार मीटरवरही हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून अधिक असतो. मंगळावर तो एक टक्काही नाही. पंख्याने थंड होणारा कॅमेरा त्सो कारला उत्तम चालेल आणि मंगळावर तापून बंद पडेल. त्याची परीक्षा निर्वात कक्षातच घ्यावी लागेल.

– एक आकाशनिरीक्षक, पुणे