चौथ्या मजल्यावरच्या हज्जांना, त्या चिकनच्या टोपाबद्दल जाहीर थँक्यू

हज्जा,

तुम्हाला मराठी येत नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमधूनच पोचणार आहे, ते मी समोर बसून सांगेनच, पण आमच्या माणसांनाही कळू दे म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. (वाचणाऱ्यांसाठी: ब्रसेल्समधल्या मोरोक्कन घरांत वयाने मोठ्या बाईला मानाने हज्जा म्हणतात, हजला जाऊन आलेली असो वा नसो.)

बाळ झालं तेव्हा आईचा व्हिसा लांबला होता, नवऱ्याची सुट्टी संपत आलेली, बाहेर पाच वाजताच अंधार, आणि मी ब्रेड-चीज खाऊन बाळंतपण काढत होते. अशात तुम्ही दार वाजवलंत आणि एवढं मोठं झाकलेलं पातेलं हातात दिलंत. रफिसा. खाली मसेमनचे, म्हणजे तुमच्या त्या चौकोनी घडीच्या पोळीचे तुकडे, वर चिकन, मसूर, भरपूर कांदा, केशर आणि मेथीदाणे. मेथीचा वास आला आणि मला रडूच फुटलं, कारण आमच्याकडेही बाळंतिणीला दूध यावं म्हणून मेथीच देतात, फक्त लाडवात. तुमच्या नातीने सांगितलं की मोरोक्कोत बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी आईला हे खायला घालायची पद्धत आहे. मला थोडं उशिरा मिळालं, तुम्हाला कळलंच उशिरा, पण त्यानंतर तुम्ही जे आठवड्यामागून आठवडे जिने उतरून येत राहिलात (लिफ्ट बंद असतानासुद्धा!) त्याचं काय करू मी.

पण खरं थँक्यू दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. तुम्ही नुसतं खाऊ घालून थांबला नाहीत, मला तुमचं रोजचं भाजी घातलेलं चिकन शिकवलंत, आणि ते शिकताना माझ्या डोक्यातला निम्मा स्वयंपाक उलटापालटा झाला. आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजल्याशिवाय रस्सा सुरूच होत नाही. आणि तुम्ही काय केलंत, थंड टोपात हाडासकट चिकन, एक कांदा किसून, एक चिरून, ऑलिव्ह ऑइल, एक चमचा सुंठ, एक चमचा हळद, अर्धा चमचा मिरपूड, दालचिनीचा तुकडा, केशराच्या काड्या, सगळं एकदम टाकलंत आणि मग गॅस लावला. फोडणी नाही, परतणं नाही, तिखट तर नावालाही नाही. मी मनात म्हटलं हे आजाऱ्याचं जेवण होणार. मग कोथिंबीर आणि पार्सलीची जुडी दोऱ्याने बांधून आत सोडलीत आणि पंधरा मिनिटं पाण्याचा थेंब घालू दिला नाहीत, चिकन आणि कांदा आपल्याच रसात फिरवत राहायचं. तेवढ्यात सगळं घर असं दरवळायला लागलं की मी गप्पच बसले.

त्यानंतर दोन वाट्या पाणी आणि रात्रभर भिजवलेले काबुली चणे. चणे जरा बोटाला दबायला लागले की गाजर आणि सलगम, मग बटाटा, आणि झुकिनी-भोपळा अगदी शेवटी, नाहीतर त्यांचं पिठलं होतं. भाज्या चिरायच्या त्याही लांब आणि जाड, बोटभर, कारण ताटात त्या ओळखू आल्या पाहिजेत. झाकण काढून रस्सा आटवायचा, इतका की कांदा विरघळून तेलावर दाट बसला पाहिजे, त्याला तुम्ही दघमिरा म्हणता आणि खरी परीक्षा त्याचीच. मी रास अल हनूतचं, म्हणजे तुमच्या त्या मिश्र मसाल्याचं पाकीट काढलं तर तुम्ही ते माझ्या हातातून घेऊन सरळ कपाटात ठेवलंत! ते रफिसाला, सणाला, रोजच्या चिकनला नाही. इथल्या कितीतरी रेसिपी मोरोक्कन म्हटलं की ते चमचाचमचा ओततात, मला आता बघवत नाही.

आणि त्या शंकूच्या झाकणाच्या मातीच्या ताजीनची माझी सगळी स्वप्नं तुम्ही एका मिनिटात मोडलीत. मला वाटलेलं तुम्ही त्यातच रांधत असाल. तर तुमच्या ओट्यावर प्रेशर कुकर! म्हणालात, कासाब्लांकातल्या तुमच्या बहिणीही रोज कुकरच लावतात, ताजीन निवांत दिवसाचं. माझ्यासारख्या कडेवर बाळ असलेल्या बाईला याच्याहून मोठा दिलासा कुठला.

मग आई आली, डब्यातून खारातलं लिंबू घेऊन. तुम्ही तुमचं मिठात मुरवलेलं लिंबू आणलंत आणि दोघी एकमेकींच्या बरण्या हुंगत बसलात, एक शब्द कॉमन नसताना. तुमचं चार फाकांत चिरून, आत मीठ भरून महिनाभर ठेवलेलं, गर काढून टाकायचा आणि फक्त साल शेवटच्या दहा मिनिटांत ऑलिव्हबरोबर घालायची. आईने पुढच्या वेळी गुपचूप आपलंच लिंबू घातलं. तुम्ही खाल्लंत, काही बोलला नाहीत, दुसरी वाटी घेतलीत. आईने हे आख्ख्या कोल्हापुराला सांगितलंय.

तुम्ही एकदा जेवताना म्हणालात की तुमचे मिस्टर इथल्या मेट्रोचे बोगदे खणायला आले. 1964 ला बेल्जियमने मोरोक्कोशी करार करून माणसं बोलावली, त्यातलेच ते. तुम्ही मागून आलात, भाषा नाही, ओळखीचं कोणी नाही, आणि तुमच्या पहिल्या बाळाच्या वेळी रफिसा करायला कोणी नव्हतं. एवढंच बोललात आणि लगेच मला म्हणालात, ब्रेडने रस्सा पूस, वाया घालवू नकोस. मी तेव्हा काही बोलू शकले नाही, म्हणून आत्ता बोलतेय. बारकल्लाहू फीक, म्हणजे देव तुमचं भलं करो, हज्जा. माझा उच्चार चुकतो हे माहितीये, हसू नका.

या रविवारी मी मिदी स्टेशनच्या बाजारात जाणार आहे. काय काय आणायचं ते नातीला मेसेज करायला सांगा. सलगम मीच निवडून आणेन, मागच्या वेळी तुमच्या लेकाने आणलेले आतून जाळीदार निघाले होते आणि तुम्ही त्याला पंधरा मिनिटं ऐकवलंत ते आमच्या मजल्यापर्यंत आलं होतं.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची लेक