जुनी बॅटरी जुनी म्हणूनच विका : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वापरलेल्या मोटार बॅटऱ्या 'जवळजवळ नव्या' म्हणून विकण्याचा धंदा.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कराड तालुक्यातली एक माध्यमिक शिक्षिका. गेल्या पंधरवड्यात पहाटे सासूबाईंना डायलिसिसला नेताना वाटेत सीएनजी भरायला इंजिन बंद केले, ते पुन्हा चालू झाले नाही. सेल्फ मारला की नुसती टकटक. पंपावरच्या मुलांनी धक्का मारून पाहिला, पण विजेवर इंधन सोडणाऱ्या (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीला वीजच मिळत नसेल तर धक्क्याने काय होणार? रिक्षा मिळेपर्यंत त्यांची मशीनची वेळ गेली, दुसरा रुग्ण लागला. त्या रात्री पाणी छातीत चढून सासूबाईंना श्वास घेता येईना. रात्र आयसीयूच्या दारात गेली. बिल किती झाले ते इथे लिहीत नाही, शिक्षकाच्या पगाराला ते किती जड जाते हे तुम्हाला ठाऊक आहे.

बॅटरी काही आठवड्यांपूर्वीच घेतलेली. महामार्गालगतच्या एका दुकानात '2600 रुपये, कंपनीकडून रिफर्बिश्ड, एक वर्ष गॅरंटी' असे सांगून ती दिली गेली. रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरण्याजोगी केलेली. बिल मागितले तर 'बिल घेतले तर जीएसटी लागेल' असे उत्तर मिळाले. नंतर मेकॅनिकने वरचे चकचकीत स्टिकर नखाने उचकटले, तर खाली दुसरेच स्टिकर. आणि उत्पादनाची तारीख जिथे ठोकलेली असते ती जागा ग्राइंडर मारून सपाट केलेली.

हे कसे करतात तेही सांगते, कारण तुमच्या खात्यातल्या कुणी ते बघितल्याचे मला कुठे दिसले नाही. भंगारात आलेली मेलेली बॅटरी उघडतात, जुने ॲसिड ओतून देतात, नवे जास्त कडक ॲसिड भरतात, रात्रभर चार्जिंगला लावतात. झिजलेल्या प्लेटा आत तशाच. टर्मिनल घासून चमकवायचे, खोक्याला पॉलिश, वर नवे स्टिकर. गिऱ्हाईक आले की मल्टिमीटर लावून 12.7 व्होल्ट दाखवायचे. नुकती चार्जिंगवरून काढलेली झिजलेली बॅटरीही बहुधा एवढा आकडा दाखवते. खाटेवर पडलेला माणूस धडधाकट दिसतो, जिना चढायला लावल्यावर कळते. बॅटरीचेही तसेच, लोड टेस्टर लावून तिच्यावर भार टाकला की आतला एखादा सेल (कप्पा) कमजोर झालेला आहे हे काही सेकंदांत समजते. म्हणूनच त्या दुकानांत लोड टेस्टर बाहेर काढत नाहीत.

आता कायद्याबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधले कलम 2(47) मी नागरिकशास्त्र शिकवणारी बाई म्हणून नीट वाचले आहे. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून भासवणे, ही अनुचित व्यापारी प्रथा. योग्य चाचणीशिवाय आयुष्याची गॅरंटी देणे, तीही. बिल न देणे, तीही. सदोष माल परत घ्यायला नकार देणे, तीही, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरायचे. म्हणजे माझ्या त्या एका व्यवहारात यांतल्या एकाहून जास्त गोष्टी घडल्या. शिवाय 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रिफर्बिशिंग करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. त्या दुकानाच्या भिंतीवर देवांचे फोटो होते, नोंदणीचा कागद कुठे नव्हता.

तक्रार घेऊन गेले तिथे सांगण्यात आले की 'आमच्याकडे वजनमापाचे येते.' पुढच्या टेबलावर, 'हे पर्यावरणाचे.' त्याच्या पुढच्या टेबलावर, 'बिल आहे का?' बिल न देणे हाच गुन्हा असल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला बिल मागतात! दरवर्षी 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो, हार घातले जातात, 'ग्राहक राजा' म्हटले जाते. राजा वगैरे नको आम्हाला. टेबलामागचा माणूस मान वर करून बोलला तरी पुरे.

ग्राहक आयोगात जा, असे सगळे सांगतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, हे चांगलेच आहे. पण कायद्यात तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असे लिहिलेले असताना माणसे वर्षे मोजत बसतात. प्रयोगशाळेची फी आयोग तक्रारदाराकडून आधी भरून घेऊ शकतो. फसवला गेलेल्यानेच पुरावा गोळा करायचा, रजा टाकायची, तारखा घ्यायच्या, आणि फसवणारा दुकानात बसून पुढचे स्टिकर चिकटवणार. 2600 रुपयांसाठी कोण एवढे करेल? हा हिशेब त्या दुकानदारांना पाठ आहे. त्यांचा नफा माझ्यामुळे कमी होत नाही, तुमच्या व्यवस्थेच्या संथपणामुळे मात्र तो वाढतो.

आणि लोक जुन्या बॅटरीकडे का वळतात याचाही विचार करा. सप्टेंबर 2025पर्यंत शिशाच्या बॅटरीवर 28 टक्के जीएसटी होता, आता तो 18 आहे. चैनीच्या वस्तूंचा कर रिक्षावाल्याच्या बॅटरीवर वर्षानुवर्षे घेतलात. गरिबाला स्वस्त वस्तू लागणारच. चांगली तपासलेली जुनी बॅटरी विकायला माझा जराही विरोध नाही. विरोध आहे तो खोटे बोलण्याला.

ओतून दिलेल्या त्या ॲसिडचे काय होते, हे मला एक शिक्षिका म्हणून सर्वांत जास्त छळते. त्यात शिसे असते. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग शिशाचा. 2020मध्ये युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांनी सांगितले की जगात सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके आहे, आणि त्यांत 27 कोटींहून जास्त भारतातली. आपण 2000 साली पेट्रोलमधले शिसे बंद केले, आणि गटारात ओतलेले चालवून घेतो. माझ्या वर्गातल्या काही मुलांची घरे अशाच भंगारवाल्यांच्या मागे आहेत. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो, मग पाढे लक्षात राहत नाहीत म्हणून मी कुणाला रागावू?

'कायदा केंद्राचा आहे' असे उत्तर कृपया देऊ नका. त्याच कायद्याचे कलम 16 जिल्हाधिकाऱ्याला अनुचित व्यापारी प्रथांची चौकशी करण्याचा अधिकार देते. साताऱ्यापासून सुरू करा. जुनी बॅटरी विकणाऱ्या प्रत्येक दुकानात 'वापरलेली' हा शब्द बॅटरीवरच ठळक छापलेला असावा, मूळ उत्पादनाची तारीख खोडलेली बॅटरी दिसली की जप्त व्हावी, लोड टेस्ट गिऱ्हाइकासमोर होऊन तिचा आकडा बिलावर लिहिला जावा. नोंदणीकृत रिफर्बिशरांची यादी प्रत्येक तहसील कचेरीत मराठीत लावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, दुकानात जाणारा अधिकारी लागतो.

हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' खाली पाठवू नये. ते ज्यांच्याकडे पाठवले जाईल त्यांच्याकडूनच मी परत आले आहे. कोणता अधिकारी, कोणत्या तारखेपर्यंत, काय करणार, एवढे तीन ओळींत लेखी कळवावे.

आपली,
एक शिक्षिका, कराड तालुका, जि. सातारा