बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार.

एका इलेक्ट्रॉनचे समीकरण श्रोडिंगर यांनी १९२६ सालीच लिहून ठेवले आहे, मग अनेक इलेक्ट्रॉनांसाठी हा निराळा विषय शिकण्यात इतकी वर्षे घालवायची ती कशासाठी, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. पहिल्या सत्राचे पाठ्यक्रम पुरे झाल्यावाचून त्याचे नीट उत्तर देता आले नसते, म्हणून थांबले.

तांब्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ८५ वर एकवीस शून्ये इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांतला प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला दूर लोटत असतो. या साऱ्यांचे समीकरण एका ओळीत मांडता येते. ते सोडवता मात्र येत नाही. हबर्ड यांनी १९६३ साली मांडलेल्या अगदी साध्या प्रारूपातही प्रत्येक अणुस्थानाच्या चार अवस्था असतात: रिकामे, एक इलेक्ट्रॉन वर फिरकीचा, एक खाली फिरकीचा, किंवा दोन्ही (फिरकी, म्हणजे स्पिन, हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण; तो वर किंवा खाली असा दोनच प्रकारचा मोजला जातो). दहा स्थानांच्या मिळून १०,४८,५७६ अवस्था होतात आणि वीस स्थानांच्या एक लाख कोटींहून अधिक. तुम्ही वर्गात घातांक शिकवताना सांगत असलेली वाढ मला इथे दररोज भेटते.

असे असूनही, इलेक्ट्रॉन एकमेकांना ओळखतच नाहीत असे धरून केलेले धातूंचे गणित बऱ्याच अंशी बरोबर येते, हे मला पूर्वी केवळ सोयीचे वाटायचे. आता ते खरे आश्चर्य वाटते. त्याचे कारण लांदाऊ यांनी १९५६ च्या सुमारास दाखवले. पाऊली यांच्या नियमामुळे एका अवस्थेत दुसरा इलेक्ट्रॉन शिरू शकत नाही, आणि कमी तापमानाला जवळपासच्या बहुतेक अवस्था भरलेल्या असल्याने टक्कर झाल्यावर जायला जागाच उरत नाही. तापमान निम्मे केले, की इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या टकरींचे प्रमाण एक चतुर्थांशावर येते. म्हणून आपण ज्याला धातूतला इलेक्ट्रॉन म्हणतो तो खरे तर एकटा नसतो; शेजाऱ्यांना बाजूला सारत, त्यांचा परिणाम अंगावर वागवत जाणारा तो क्वासीपार्टिकल असतो. त्याचा विद्युतभार तोच राहतो, पण वस्तुमान बदलते, आणि सिरियमच्या काही संयुगांत तर ते शेकडो पटींनी वाढलेले आढळते. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर विचार हाच आहे, आणि तो समजला त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरीही माझे काम आहे ते हा विचार जिथे अपुरा पडतो तिथले. जुन्या हिशोबाप्रमाणे निकेल ऑक्साइड विजेचे वाहक असायला हवे. प्रत्यक्षात ते रोधक आहे, कारण एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन येण्यास इतकी ऊर्जा लागते की सगळे आपापल्या जागी अडकून पडतात. ही विसंगती १९३७ सालापासून माहीत आहे. पुढे १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये अतिवाहकता, म्हणजे कोणत्याही रोधाशिवाय वीज वाहणे, सापडली, आणि त्यांचे मूळ पदार्थही याच जातीचे रोधक निघाले. असा अडकलेला पदार्थ थोड्या भेसळीने अतिवाहक का होतो, याच्या सर्वमान्य स्पष्टीकरणाची अजून वाट पाहिली जात आहे. हबर्ड प्रारूप एका सरळ साखळीसाठी लीब आणि वू यांनी १९६८ साली अचूक सोडवले. लांबी-रुंदी असलेल्या सपाट जाळीसाठी तसे अचूक उत्तर हाती नाही. साखळी आणि सपाट जाळी यांच्या मधल्या, शिडीच्या आकाराच्या रचनांवर मी संगणकाने गणिते करते आहे.

संगणकाचे उत्तर तपासायला हाताने सुटणारे एक उदाहरण लागते, ते दोन स्थानांचे आणि दोन इलेक्ट्रॉनांचे. त्यात चार बाय चारची मॅट्रिक्स येते. एका स्थानावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची ऊर्जा १ आणि एकाच जागी दोघे आल्यास पडणारी ऊर्जा ४ धरली, तर मला सर्वांत खालची पातळी उणे ०.८२८ मिळाली, परस्परांचे लोटणे नसते तर ती उणे २ असती. मॅट्रिक्स सोबतच्या कागदावर लिहिली आहे, पण माझी पायरीवार रीत मुद्दाम लिहिलेली नाही. तुम्ही ती स्वतंत्रपणे सोडवून पाहावी, आणि आकडा जुळला नाही तर नेमके कुठे फरक पडला ते मला कळवावे.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची लेक