पार्किंगचा मजला किती सरकला, कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘भूकंप किल्लारीचा, आपल्याला काय त्याचं?’ आमच्या सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला तेव्हा एक सभासद म्हणाले. २६ जानेवारी २००१ चा भूकंप भुजजवळचा, पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या. त्यात खाली नुसते कॉलम आणि मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. किल्लारी तर सोलापूरहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. आणि जुळे सोलापुरात आता जिकडेतिकडे अशाच इमारती!

वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती धरून ठेवतात, पार्किंगला काहीच नाही. सगळं डोलणं तिथेच एकवटतं. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक क्र. १८९३ (IS 1893) नुसार एका मजल्याचं खालच्या मजल्याच्या तुलनेत सरकणं त्याच्या उंचीच्या ०.००४ पटीत बसावं लागतं, म्हणजे तीन मीटरला १२ मिलिमीटर. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात किती सरकलं? ओव्हरसियर असताना आम्ही तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवायचो. काच तडकली, की तडा वाढतोय एवढं कळायचं. कधी, किती, ते नाही.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने यावर सोपी युक्ती काढली आहे. वरच्या स्लॅबला लेझर, खाली फरशीवर फोटोडायोडची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या बारीक सेन्सरची, पट्टी. मजला सरकला की प्रकाशाचा ठिपका सरकतो आणि मिलिमीटर थेट मिळतात. इमारतींत एरवी बसवतात तो ॲक्सिलरोमीटर त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते, मोजतो; त्यावरून सरकणं काढताना बारीक चूक फुगत जाते, आणि इमारत कायमची कलली असेल तर नेमकं तेच निसटतं. लेझरवाल्यातही स्लॅब वाकला तर किरण तिरपा होतो, ते वेगळं वजा करावं लागतं. वाऱ्याने होणारं डोलणंही यात टिपता येतं, पण आपल्या पाच-सात मजल्यांना त्याची फारशी धास्ती नाही.

महापालिकेने आधी आपल्याच एखाद्या इमारतीत हे बसवावं, मग पार्किंगवर उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींच्या परवानगीत अट घालावी. बिल्डर खर्चाचं रडगाणं गातील. लॉबीतल्या ग्रॅनाइटला मात्र कधी पैसे कमी पडत नाहीत! शहरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना प्रयोगाला जागा हवी असेल, तर आमचं पार्किंग देण्याचा ठराव मी पुढच्या सभेत मांडतो आहे. किरणाच्या आड कुणी स्कूटर लावायची नाही, एवढंच बघावं लागेल.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, जुळे सोलापूर