सात सीटर आणि माझी वही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नवी सात सीटर घ्यायचं तुझ्या मनात आहे, म्हणून परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आपली जुनी सात सीटर किती द्यायची गं?" आणि मी "लिटरला बारा" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि लेकीला असलं अर्धवट उत्तर दिलं. म्हणून आज वही काढून बसले आहे.

वही आठवते ना? डॅशबोर्डच्या खणात असायची, दोऱ्याने पेन बांधलेली. तारीख, रीडिंग, लिटर, शेरा असे चार रकाने. टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा खटकन बंद पडलं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल, आणि झालेल्या किलोमीटरना आत गेलेल्या लिटरने भागायचं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच टाक्या एकत्र धरायच्या. स्क्रीनवरचं ॲव्हरेज माझ्या वहीपेक्षा नेहमी अर्धा-पाऊण किलोमीटर गोड असायचं. बाबांना अर्थातच स्क्रीन पटायची.

तर बारा खोटं नाही. पण त्याच वहीत ८.१ आहे आणि १४.६ पण आहे. गाडी तीच, डिझेल तेच. ८.१ पुढचा शेरा: "शाळा-ऑफिस, एसी, रोज सहा किमी". १४.६ पुढे: "हायवे, ८०, दोघंच". तू ज्या जाहिरातीतला आकडा मला वाचून दाखवलास तो यातल्या कुठल्याच दिवसाचा नाही. तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी पळवून काढतात. युरोपातली जुनी चाचणी जेमतेम २० मिनिटांची होती, ११ किलोमीटरची, सरासरी वेग ताशी ३४ च्या आसपास. २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी नावाची नवी चाचणी लागू झाली. ती ३० मिनिटांची, सुमारे २३ किलोमीटरची, जास्त वेगाची. आकडे बरेच जमिनीवर आले, पण एसी तिच्यातही बंदच. दोन गाड्या शेजारी ठेवून बघायला तो आकडा ठीक आहे. घरखर्चाच्या वहीत त्याला जागा देऊ नकोस.

आता माझ्या मते खरी मेख. लिटरमागे किती किलोमीटर, ही मोजायची पद्धतच फसवी आहे. उलटं मांडून बघ, १०० किलोमीटरला किती लिटर. २० देणारी छोटी गाडी २५ द्यायला लागली तर १०० किलोमीटरला ५ ऐवजी ४ लिटर, एक लिटर वाचला. ८ देणारी मोठी गाडी १० द्यायला लागली तर १२.५ ऐवजी १० लिटर, म्हणजे अडीच लिटर वाचले. पाचची उडी दिसायला मोठी, पैसे वाचवते दोनची उडी. वर्षाला १५,००० किलोमीटर धर: ८ ला १,८७५ लिटर, १० ला १,५००. म्हणून मोठी गाडी घेताना "दीड-दोन किलोमीटरने काय फरक पडतो" असं शोरूममधला म्हणाला तर मान डोलावू नकोस. तिथेच तर पडतो. मी मुद्दाम लिटरमध्ये लिहिते आहे, भाव तू त्या दिवशीचा लाव.

तो दीड-दोनचा फरक जातो कुठे, ते मला एका कॅरिअरने शिकवलं. तू बारावीत असताना आपण सगळे फिरायला गेलो, टपावर कॅरिअर आणि त्यावर पेटी. परत आल्यावर ते काढायचं राहूनच गेलं. वहीत महिनाभर आकडा घसरत गेला. मला वाटलं इंजिन गेलं. गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ केले, बिल लावलं, ॲव्हरेज होतं तिथेच. शेवटी एका रविवारी बाबा शिडी लावून वर चढले, पाने घेऊन ते धूड खाली उतरवलं आणि पुढच्याच टाकीला आकडा जागेवर आला. गाडी आधीच भिंतीसारखी उंच, तिच्या डोक्यावर आणखी एक खोकं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलीस की तो दीडपटीहून जास्त होतो. आमचे जावई कसे चालवतात ते मी एकदा मागे बसून पाहिलं आहे. त्यांना हे वाक्य वाचून दाखव, माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

शहरात हवेचं काही नाही, तिथे वजन खातं. दोनेक टनांचं धूड प्रत्येक सिग्नलला थांबवायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक मारला की जाळलेलं डिझेल ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन जातं. हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी, त्यातलंच थोडं बॅटरीत परत घेते, म्हणून ती गर्दीत जास्त कमाल दाखवते आणि मोकळ्या हायवेवर कमी. तुझं चालवणं बहुतेक गर्दीतलं आहे, तेव्हा हायब्रिडचा विचार जरूर कर. घरी वायर लावून चार्ज करायची मोठ्या बॅटरीची प्लग-इन हायब्रिड मात्र रोज चार्ज करणार असशील तरच. नाहीतर जड बॅटरीचं नुसतं ओझं वाहायचं.

डिझेलचं म्हणशील, तर एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त असते, ॲव्हरेजही जास्त मिळतं. पण आताच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारं फिल्टर असतं, डीपीएफ. ती काजळी जाळायला धूर चांगला ५५०-६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. रोज सहा किलोमीटर शाळा आणि परत, यात इंजिनच धड तापत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, मग फिल्टर मोकळं करायला गाडी उगाच हायवेवर नेऊन आणा. लांब पल्ला नियमित नसेल तर डिझेल घेऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत.

बाकीचं पटकन सांगते. इंधनाकडे सगळे बघतात कारण ते दर आठवड्याला हातातून जातं. घसारा कोणी बघत नाही, कारण त्याचं बिल येत नाही. नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त किंमत हरवते, आणि महाग गाडी आकड्यात जास्त हरवते. टायरचा साइज लिहून घे आणि बुकिंगच्या आधी दुकानात भाव विचार. वरच्या मॉडेलच्या मोठ्या रिमवर तेच टायर बरेच महाग पडतात. हवा महिन्यातून एकदा, गाडी गार असताना, आणि पूर्ण भरून निघणार असाल तर दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या लोडच्या आकड्याप्रमाणे. आणि उतारावर बाबांसारखं न्यूट्रल करू नकोस. गिअरमध्ये ठेवून पाय उचललास की इंजिन इंधन घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये चालू राहायला त्याला थोडं तरी लागतं. पंचवीस वर्षं मी हे सांगते आहे.

आता ज्यासाठी खरं म्हणजे बसले लिहायला. वहीच्या समासात मी कधी कधी ७ लिहायचे, सगळ्या सीट भरल्या त्या दिवशी. काल एका अख्ख्या वर्षाचे मोजले. अकरा. त्या अकरा दिवशी गाडी खरोखर स्वस्त होती: आपण दोन छोट्या गाड्या, १८ देणाऱ्या, काढल्या असत्या तर १०० किलोमीटरला ११ लिटर गेलं असतं, हिला भरलेली असताना ९ लागायचं. उरलेले दिवस मी एकटी बसून तीन रांगा फिरवत होते, आणि तिसरीत तुझे जुने बूट.

तुमची सहा माणसं आहेत, तुझा आकडा कदाचित शंभर निघेल. मग बिनधास्त घे, मी काही बोलणार नाही. पण आधी दोन महिने फ्रिजवर एक कागद लाव आणि पाचाहून जास्त माणसं एकत्र निघाली की एक रेघ मार. मुलांना सांग मारायला, ती विसरणार नाहीत.

तुझी,
आई

ता. क. शोरूममध्ये वाकून बघ, स्टेपनी गाडीच्या खाली लटकवली आहे की डिकीच्या तळाशी. डिकीत असेल तर पंक्चर झाल्यावर सगळ्यांचं सामान आधी रस्त्यावर काढावं लागतं. पावसात एकदा काढलं आहे आपण, तू गाडीत झोपली होतीस.