टोपी काढायची राहिली

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू हसलास, "खिशात मोबाइल असताना हे जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं लोढणं गळ्यात कशाला?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

माझा याशिका इलेक्ट्रो ३५ म्हणजे १९७३चं जीएसएन मॉडेल. घराणं मात्र १९६६पासूनचं. हातात आला तेव्हा मुका होता. फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला की आतून 'टक' असा आवाज यायला हवा, तो येईना. आत रबराची चिमुकली गादी असते. वर्षानुवर्षांनी तिचा डांबरासारखा चिखल होतो आणि शटरचं वेळेचं गणित कोलमडतं. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी नवी गादी बसवली. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, म्हणून सहा व्होल्टची साधी बॅटरी पत्र्याच्या नळीत घालून काम भागवलंय.

आता गंमत ऐक. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं की मधोमध पिवळसर ठिपका दिसतो आणि त्यात माणूस दुहेरी दिसतो, एक खरा, एक त्याचं भूत. लेन्सची कडी फिरवत जायची. भूत सरकत सरकत माणसात शिरलं की फोकस झाला! लेन्समधून उजेड आत सोडणारं छिद्र किती मोठं ते मी ठरवायचं, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो. उजेड कमी असला तर पिवळा दिवा लावून सावध करतो, पण हट्ट धरत नाही.

एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या मदतीने थेट लेन्समधून पाहायच्या कॅमेऱ्यात, ऐन क्षणी आरसा वर उडतो आणि डोळ्यांपुढे अंधार होतो. इथे आरसाच नाही. शिवाय चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे सायकलवाला चौकटीत शिरायच्या आधीच मी तयार असतो. आवाज इतका बारीक की समोरच्याला पत्ता लागत नाही. मला भुरळ पडली ती याचीच. एरवी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही, हे तुला ठाऊक आहे.

रोलचा भाव विचारू नकोस, घरीही सांगितलेला नाही.

पण लेन्समधून आपण पाहत नाही, याची शिक्षाही भोगली. पहिल्या रोलवरच्या अकरा चौकटी काचेसारख्या कोऱ्या निघाल्या. उजेड मोजणारा डोळा लेन्सवर नसून वर अंगावर आहे, त्यामुळे लेन्सची टोपी तशीच असतानाही गडी खुशाल उजेड मोजत होता.

दिवाळीला ये. तुझा फोटो काढीन. टोपी काढलीय का, तेवढं मात्र तू बघ.

तुझाच,
बाळ्या