मोल्चात दोमा आणि त्यांचे पूर्वसूरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बेलारूसमधल्या मिन्स्कचा मोल्चात दोमा हा बँड म्हणजे जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडची रशियन भाषेतली नक्कल आहे, हे तुझे मत मला काही केल्या पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साम्य आहेच, ते मी नाकारत नाही. जॉय डिव्हिजनचा गिटारवादक सुमनर याच्या गोंगाटात आपले वादन आपल्यालाच ऐकू येईना, म्हणून त्यांचा बेसवादक पीटर हुक बेस गिटार वरच्या सप्तकात वाजवू लागला. त्यातून चाल बेसने धरायची आणि गिटारने मागे राहायचे, असा एक पायंडाच पडला. जॉय डिव्हिजनच्या १९७९ च्या पहिल्या अल्बममध्ये निर्माता मार्टिन हॅनेटने ड्रमच्या प्रत्येक ठोक्याभोवती जी थंडगार पोकळी ठेवली, तीही मिन्स्कपर्यंत पोहोचली आहे. सिंथेसायझरच्या छोट्या, गुणगुणता येतील अशा सुरावटींवर डेपेश मोड या इंग्लिश बँडची छाया दिसते, आणि ती कोणाच्याही लक्षात येईल.

पण गायकाचा आवाज ऐक. येगोर श्कुत्कोचा खर्जातला, भावना दाखवायचे टाळणारा तो स्वर मला जॉय डिव्हिजनचा गायक इयान कर्टिस याच्यापेक्षा व्हिक्टर त्सोईच्या कितीतरी जवळचा वाटतो. त्सोई हा लेनिनग्राडच्या किनो या बँडचा गायक. बॉयलर-घरात कोळसा टाकण्याची नोकरी करत त्याने गाणी रचली, आणि ती ध्वनिफितींच्या हातोहात काढलेल्या प्रतींमधून सोव्हिएत संघभर पसरली. किनोच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ड्रम मशीन वाजते, आणि त्या यंत्राचा कोरडा, न थकणारा ठेका त्यांच्या गाण्याचा कणा होऊन गेला. १९९० मध्ये लॅटव्हियात मोटार अपघातात त्सोई गेला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. मोल्चात दोमामध्ये तर ड्रमरच नाही. श्कुत्को, रोमान कोमोगोर्त्सेव आणि पावेल कोझलोव हे तिघे आणि यंत्राचा ठेका, एवढाच त्यांचा संसार आहे.

त्यांचे ‘सुद्नो’ हे गाणे तर नकलेचा आरोप पुरता खोडून काढते. २०१८ च्या ‘एताझी’ या अल्बममधल्या या गाण्याचे शब्द बोरीस रीझी या कवीचे आहेत. येकातेरिनबुर्गच्या कारखानी वस्तीचे जगणे कवितेत आणणाऱ्या रीझीने २००१ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी आत्महत्या केली. कवितेची सुरुवात रुग्णालयातल्या खोलीतल्या वस्तूंनी होते: मुलामा दिलेले शौचपात्र, लहानशी खिडकी, खाटेशेजारचे कपाट आणि खाट. जगणे जड आहे आणि मरणे मात्र सुखाचे, असे कवी लगेच म्हणून टाकतो. या ओळींखाली बँडने ठेवला आहे तो चक्क पाय थिरकवणारा ठेका. श्कुत्को शब्दांवर कुठेही जोर देत नाही, रडवेला होत नाही, आणि बेस तर थांबायलाच तयार नाही. मरणाच्या गोष्टीला नाचाची लय देण्याचे हे धाडस मला थक्क करते, आणि २०२० मध्ये टिकटॉकवर रशियन न समजणाऱ्या लाखो मुलांना हेच गाणे का भिडले, याचे कारणही मला त्या लयीतच सापडते.

जाता जाता एक सांगतो. ‘एताझी’च्या मुखपृष्ठावरची काँक्रीटची इमारत पाहून अनेकांना ती मिन्स्कची वाटते, पण ते स्लोव्हाकियातल्या टाट्रा पर्वतातील पॅनोरमा हॉटेल आहे. पूर्व युरोपच्या त्या सगळ्या भूभागाचे समान बांधकाम आणि समान एकाकीपण त्यांनी आपले मानले, हे मला त्यांच्या संगीताशी सुसंगतच वाटते.

तेव्हा माझे ऐकशील तर आधी किनोचा १९८८ चा ‘ग्रुप्पा क्रोवी’ हा अल्बम सलग ऐक, मग ‘एताझी’ लाव, आणि तरीही तुझे मत तेच राहिले तर नेमके कोणत्या गाण्यामुळे राहिले, ते मला लिही.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
मित्र